दुसरी सही अजून व्हायची आहे

प्रश्न : आम्ही अकरा वर्षांपूर्वी अमेरिकेत आलो आणि तीन वर्षांपूर्वी आम्हा सर्वांना ग्रीन कार्ड मिळाले. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. हायस्कूल संपल्यावर त्याने आम्हाला न विचारता लष्करात भरती होण्याच्या करारावर सही केली आणि शपथही घेतली. सहा आठवड्यांनी त्याला बेसिक ट्रेनिंगला जायचे आहे. गेले पंधरा दिवस तो म्हणतो आहे, ‘मला जायचे नाही, पण आता काही करता येणार नाही.’ आता माघार घेतली तर अटकेचे वॉरंट निघेल, कॉलेजसाठीची सरकारी मदत बंद होईल आणि पुढे नागरिकत्वही अडेल, असे रिक्रूटरने त्याला सांगितले आहे. रात्री तो उशिरापर्यंत जागा असतो, तरी पहाटे पाचला उठून पळायला जातो; रिक्रूटरने दिलेला काळा टी-शर्ट अजून अंगावर असतो. माझे यजमान म्हणतात, सही केलीस ना, मग आता निभाव. मी स्वतः रिक्रूटरला फोन करून त्याचे नाव काढून टाकायला सांगू का? त्याला तुरुंगात तर टाकणार नाहीत ना?
— एक आई

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्याच्या भीतीने तुमची झोप उडाली आहे हे पत्राच्या ओळीओळीतून दिसते. नाही, तुमच्या मुलाला कोणी तुरुंगात टाकणार नाही. तुम्ही वर्णन केली आहे त्या टप्प्यावर त्याने मन बदलले, तर त्याला अटक होणार नाही, त्याच्यावर खटला चालणार नाही आणि त्याच्या नावावर गुन्ह्याची नोंदही होणार नाही. ट्रेनिंगला जाण्यापूर्वी माघार घेणे हा अपराध नाही. दरवर्षी अनेक तरुण तशी माघार घेतात आणि त्यासाठी एक साधी, ठरलेली वाट आहे.

आता हे असे का आहे ते समजून घ्या, कारण नुसत्या धीराच्या शब्दांनी रिक्रूटरच्या पुढच्या फोनला उत्तर देता येणार नाही. अमेरिकेत १९७३ पासून सक्तीची भरती नाही. सैन्यात जाणारा प्रत्येक जण स्वेच्छेने जातो. सही केल्याबरोबर सगळ्यांना लगेच ट्रेनिंगला पाठवणे शक्य नसते, म्हणून ‘डिलेड एंट्री प्रोग्रॅम’ नावाची व्यवस्था आहे. लष्कर अशा मुलांना ‘फ्यूचर सोल्जर’ म्हणते. कायद्यानुसार या प्रतीक्षायादीत एखाद्याला ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येते आणि ती मुदत वाढवताही येते. या काळात तो कागदोपत्री राखीव दलात गणला जातो. पण त्याला पगार नसतो, गणवेश नसतो आणि सैनिकांना लागू होणारी लष्करी दंडसंहिता त्याला लागू होत नाही. वॉरंटची धमकी मुळातच फोल ठरते ती यामुळे. हजर न राहण्याबद्दल सैनिकावर जी कारवाई होते, तिच्यासाठी तो आधी सक्रिय सेवेत असावा लागतो, आणि तुमचा मुलगा अजून तिथे पोहोचलेला नाही.

त्याच्या कागदांच्या फाइलमध्ये ‘डीडी फॉर्म ४’, म्हणजे भरतीचा करार, असेल. तो त्याला टेबलावर काढायला सांगा आणि त्याच्या शेजारी बसून वाचा. मेप्स या सैन्यभरतीच्या केंद्रात वैद्यकीय तपासणी झाली, त्या दिवशी त्याने केलेली सही आणि तेव्हा घेतलेली शपथ ही पहिली. त्याच फॉर्ममध्ये पुढे आणखी एक भाग आहे, आणि तिथली सहीची जागा कोरी आहे. ट्रेनिंगला रवाना होण्याच्या दिवशी पुन्हा मेप्समध्ये जाऊन तो भाग भरला जातो, पुन्हा शपथ होते, आणि त्यानंतरच माणूस सक्रिय सेवेत दाखल होतो. तुमचे यजमान ज्या सहीबद्दल बोलत आहेत ती ही पहिली सही आहे. शब्दाला जागावे हा त्यांचा आग्रह मला समजतो आणि तो चांगल्या घरातला आग्रह आहे. मात्र ज्या व्यवस्थेला तो शब्द दिला, तिनेच दुसऱ्या सहीची जागा मोकळी ठेवली आहे, हेही त्यांनी डोळ्यांनी पाहावे असे मला वाटते.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवणार नाही, कारण तुमच्या मुलाने ती वाचली असण्याची शक्यता आहे. त्याच फॉर्मवर असे वाक्य आहे की ठरलेल्या तारखेपर्यंत तो हजर झाला नाही, तर त्याला राखीव दलातला म्हणून सक्रिय सेवेत बोलावले जाईल. रिक्रूटर नेमके या वाक्यावर बोट ठेवून दाखवतात आणि एकोणीस वर्षांच्या मुलाला ते वाचून घाम फुटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात मात्र, जाण्याची इच्छा उरलेली नाही असे ज्याने कळवले त्याला यादीतून मुक्त करायचे, असेच धोरण राबवले जाते. मनाविरुद्ध आलेला माणूस प्रशिक्षणात टिकत नाही, हे लष्कराला आपल्याहून अधिक चांगले ठाऊक आहे. सुटकेच्या आदेशावर सन्मानाचा किंवा अपमानाचा कोणताही शेरा नसतो.

कॉलेजसाठी मिळणाऱ्या फेडरल आर्थिक मदतीचा या सुटकेशी काहीही संबंध नाही. नागरिकत्वाचा मुद्दा मात्र थोडा सविस्तर पाहायला हवा, कारण तिथे एक खरी अट आहे आणि अर्धवट माहितीमुळे कोणी तिच्यात अडकू नये. जो परदेशी नागरिक ‘मी या देशाचा नागरिक नाही’ या कारणाने सैन्यसेवेतून सूट किंवा मुक्तता मागतो आणि ती मिळवतो, त्याला पुढे अमेरिकेचे नागरिकत्व मिळण्यास कायद्याने कायमची बंदी येऊ शकते. म्हणून सुटकेच्या अर्जात तुमच्या मुलाने ग्रीन कार्डचा किंवा भारतीय नागरिकत्वाचा कारण म्हणून उल्लेख करू नये, आणि रिक्रूटरने तसे सुचवले तरीही करू नये. शिक्षण घ्यायचे आहे, पुढच्या आयुष्याबद्दलचा विचार बदलला आहे, ही कारणे खरी असतील तर तीच लिहावीत. अशा कारणाने यादीतून बाहेर पडल्यामुळे नागरिकत्वाचा मार्ग बंद होत नाही. सैन्यात सेवा करणाऱ्या ग्रीन कार्डधारकाला नागरिकत्व लवकर मिळू शकते, तो फायदा मात्र जाईल आणि त्याला इतरांप्रमाणे नेहमीच्या मुदतीने अर्ज करावा लागेल. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात सैन्याविषयी जे प्रश्न येतील, त्यांची उत्तरे त्याने काही न दडवता द्यावीत. शंका असेल तर सुटकेचे पत्र टाकण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाला ते एकदा दाखवून घ्या. तो खर्च वाया जाणार नाही.

याच संदर्भात आणखी एक काम करा. १८ ते २५ वर्षे वयाच्या पुरुषांची ‘सिलेक्टिव्ह सर्व्हिस’मध्ये, म्हणजे सक्तीची भरती पुन्हा करावी लागलीच तर वापरायच्या सरकारी यादीत, नोंद असणे आवश्यक असते आणि त्यात ग्रीन कार्डधारकही येतात. तिचा या कराराशी संबंध नाही. पण मुद्दाम नोंदणी टाळली असे दिसले तर नागरिकत्वाच्या वेळी अडचण येते. त्याची नोंद झालेली आहे की नाही, ते पाहून घ्या.

रिक्रूटरबद्दल मला कटुता पसरवायची नाही. तोही सैनिक आहे, दर महिन्याला अमुक इतकी मुले पाठवायची असे उद्दिष्ट त्याच्या डोक्यावर असते आणि यादीतून गळालेला प्रत्येक मुलगा त्याला वरिष्ठांसमोर उत्तर देण्यास भाग पाडतो. पण दडपण कितीही असले, तरी मुलाला खोटे सांगण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. लष्कराच्या भरती विभागाच्या स्वतःच्या नियमांतच अशा धमक्यांना, म्हणजे तुरुंगात जावे लागेल वगैरे सांगून मुलाला जायला भाग पाडण्याला आणि सुटकेच्या विनंतीत अडथळा आणण्याला मनाई आहे. त्यामुळे यापुढे जे काही सांगितले जाईल ते लेखी द्यावे, अशी शांतपणे विनंती करा. बहुतेक वेळा तो विषय तिथेच संपतो.

फॉर्म वाचताना एक खातरजमा मात्र जरूर करा. मी हे सर्व, तुमचा मुलगा नियमित लष्करात डिलेड एंट्री प्रोग्रॅममधून जात आहे असे धरून लिहिले आहे. त्याने नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्यांच्या अर्धवेळ राखीव दलात, भरती होण्याची सही केली असेल, तर गोष्ट वेगळी आहे. तिथे ट्रेनिंगच्या आधीपासूनच माणूस त्या दलाचा सदस्य असतो, महिन्याच्या कवायतींना हजर राहतो आणि त्यांचे पैसेही घेतो. अशा मुलाची सुटका होते, पण तिची पद्धत निराळी आहे आणि ती आधी नीट विचारून घ्यावी लागते. ‘जीआय राइट्स हॉटलाइन’ नावाची स्वयंसेवी संस्थांची सेवा आहे. तिथले समुपदेशक सैन्यात नसतात, पैसे घेत नाहीत आणि बोलणे गुप्त ठेवतात. कोणत्याही प्रकारच्या करारासाठी तिथे फोन करता येईल, पण तो फोन मुलाने करावा.

आता तुमच्या फोनविषयी. ताई, तो फोन करू नका. त्याचा उपयोग होणार नाही, हे एक कारण आहे: तो अठरा वर्षांच्या पुढे आहे, त्याच्या सहीला तुमच्या संमतीची गरज नव्हती आणि सुटकेच्या विनंतीतही तुमच्या शब्दाला कायदेशीर वजन नाही. त्याहून मोठे कारण असे की तुम्ही फोन केलात, तर आयुष्यातला पहिला मोठा निर्णय त्याने तुम्हाला न विचारता घेतला आणि दुसरा त्याला न विचारता तुम्ही घेतला, एवढेच त्याच्या हाती उरेल. पुढे कॉलेज रुचले नाही, नोकरी जमली नाही, की त्याला या फोनची आठवण होईल.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. तो पहाटे पाचला उठून पळायला जातो, हे तुम्ही सहज, जाता जाता लिहिले आहे. रात्रभर ‘मला जायचे नाही’ म्हणून जागणारा मुलगा पहाटे बुटांचे बंद आवळून थंडीत बाहेर का पडतो? त्याने अजून मन बदललेले नसेल आणि फक्त घाबरला असेल. अशी भीती जाण्याच्या आधीच्या आठवड्यांत जवळजवळ प्रत्येकाला वाटते. किंवा आता सुटका नाहीच असे धरून तो स्वतःला तयार करत असेल. धावताना तरी डोके शांत राहते, एवढेही कारण असू शकेल. यातले कोणते खरे आहे हे मला इथून सांगता येणार नाही आणि तुम्ही त्याच्या आई असलात तरी तुम्हालाही ते ओळखता येईलच असे नाही. ते त्यालाच सांगता येईल, पण ‘आता काही करता येणार नाही’ हा समज डोक्यात असेपर्यंत त्यालाही ते नीट कळणार नाही. दार बंद आहे असे वाटणाऱ्या माणसाला, आत राहायचे आहे की बाहेर जायचे आहे, हे विचारण्यात अर्थ नसतो. म्हणून आधी दार उघडे आहे एवढेच त्याला दाखवा. हे उत्तर त्याला वाचायला द्या, फॉर्मवरची ती कोरी जागा दाखवा, आणि मग चार-पाच दिवस हा विषय घरात काढू नका. यजमानांनाही तेवढे दिवस गप्प राहण्याची विनंती करा.

त्यानंतर तो बोलला तर फक्त ऐका. त्याने कशासाठी सही केली होती, ते विचारा. कॉलेजच्या खर्चासाठी, घरापासून दूर जाण्यासाठी, कोणासारखे तरी होण्यासाठी, की खरोखर सैनिक होण्यासाठी. ते कारण आजही शिल्लक आहे का, आणि नको झाले आहे ते लष्कर की त्याला मिळालेले विशिष्ट काम, हा प्रश्न माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. काम पसंत नसेल, तर पहिली सही झाल्यावरही ते बदलून मागता येते, आणि तयारी अपुरी वाटत असेल तर जाण्याची तारीख पुढे ढकलून मागता येते. देतीलच असे नाही, पण दुसऱ्या सहीपूर्वी त्याच्या शब्दाला जेवढी किंमत आहे, तेवढी नंतर राहणार नाही. तोंडी मिळालेली आश्वासनेही याच वेळी कागदाशी ताडून पाहा. करारात आणि त्याच्या जोडपत्रांत जे लिहिलेले नाही, ते पाळण्यास कोणी बांधील नसते. मुलांना बहुधा चार वर्षांचा आकडा लक्षात राहतो, पण एकूण बांधिलकी आठ वर्षांची असते: काही वर्षे सक्रिय सेवा आणि उरलेली राखीव दलात. हा आकडा त्याला माहीत होता का, तेही विचारा. आणि तपासणीच्या वेळी एखादे जुने आजारपण सांगायचे राहिले असेल, किंवा सांगू नकोस असे कोणी सुचवले असेल, तर ते आताच उघड करायला हवे. खोटी माहिती देऊन भरती होणे हा मात्र सैन्यात गेल्यावर गुन्हा ठरतो.

त्याने जायचे नाही असे ठरवले, तर पत्र त्याने स्वतः लिहावे. ते लहान असावे. मी अमुक तारखेला डिलेड एंट्री प्रोग्रॅममध्ये दाखल झालो, अमुक तारखेला मला हजर व्हायचे आहे, माझा विचार बदलला आहे आणि सक्रिय सेवेत जाण्याची माझी इच्छा नाही, मला मुक्त करावे आणि तसे लेखी कळवावे: एवढा मजकूर पुरतो. कारण एक-दोन वाक्यांत, खरे आणि साधे. क्षमायाचना नको, रागही नको. हे पत्र लष्कराच्या रिक्रूटिंग बटालियनच्या कमांडरच्या नावे सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह पाठवावे आणि एक प्रत रिक्रूटरला द्यावी. जाण्याच्या तारखेच्या शक्य तितके आधी ते पोहोचायला हवे; सहा आठवडे पुरेसे आहेत, पण पाचव्या आठवड्याची वाट पाहू नका.

पत्र पोहोचल्यावर फोन येतील. माझ्या नात्यातल्या एका मुलीने असेच पत्र पाठवले, तेव्हा दोन दिवसांत चार फोन आले. पहिला प्रेमाचा होता, दुसरा निराशेचा, उरलेले दोन चढ्या आवाजातले. ‘मी पत्रात लिहिले आहे, माझा निर्णय तोच आहे, कृपया लेखी कळवा’, एवढेच वाक्य ती प्रत्येक वेळी म्हणत राहिली. त्या काळात तिचा हात थरथरायचा, म्हणून हे वाक्य तिने एका चिठ्ठीवर लिहून फोनला चिकटवले होते. समक्ष येऊन बोल असा आग्रह होईल, पण रिक्रूटिंग ऑफिसात जाण्याचे बंधन तुमच्या मुलावर नाही. आणि उत्तर आले नाही म्हणून, समजावून सांगण्यासाठी ठरलेल्या दिवशी मेप्समध्ये तर त्याने मुळीच जाऊ नये. तिथे दुसरा कागद समोर येतो, आजूबाजूची सगळी मुले सही करत असतात आणि भिडस्त मुलगा हात आखडून राहू शकत नाही. ती सही झाली, की बाहेर पडणे त्याच्या हाती राहत नाही. मग निर्णय वरिष्ठांचा असतो आणि न सांगता निघून येणे हा खरोखर गुन्हा होतो.

पुढे कधी त्याला पुन्हा भरती व्हावेसे वाटले, तर आधीची सुटका सांगावी लागेल आणि कदाचित वरिष्ठांची खास परवानगी लागेल. पण ते दार कायमचे बंद होत नाही. प्रवेशपरीक्षेचे, म्हणजे ॲसव्हॅबचे, गुण दोन वर्षे ग्राह्य धरले जातात.

आणि सर्व समजून घेतल्यावर तो म्हणाला, ‘आई, मी जातो’, तर तेही मनापासून ऐका. लष्कराचे बेसिक ट्रेनिंग दहा आठवड्यांचे असते. सुरुवातीला फोन जवळजवळ नसतो, म्हणून त्याचा पत्ता कळताच पत्र टाका. तिथे कागदावरच्या पत्राची फार वाट पाहिली जाते. दुसऱ्या शपथेच्या वेळी घरच्यांना मेप्समध्ये उपस्थित राहता येते. वेळ आधी विचारून ठेवा आणि तुम्ही दोघेही जा.